प्रिंटरचं चाक आणि खेळण्यातलं चाक : न जुळणारे गिअर एकत्र कसे चालवायचे?

दप्तराच्या चेनची एक बाजू आणि जीन्सच्या चेनची दुसरी बाजू घेऊन दोन्ही एकमेकांत अडकवायचा प्रयत्न करून बघा. दोन्हीला दाते आहेत, दोन्ही चांगल्या आहेत, पण चेन काही लागणार नाही. कितीही जोर लावा. रोबोटिक्सच्या प्रोजेक्टमध्ये जुन्या प्रिंटरमधून काढलेलं एक चाक आणि तुटक्या खेळण्यातल्या गाडीचं दुसरं चाक शेजारी बसवलं की नेमकं हेच होतं. मोटर चालू केली की "कर्रर्र" आवाज येतो, एक चाक फिरतं, दुसरं मधूनच उडी मारतं. मग पोरं म्हणतात, "अजून जवळ सरकव."

जवळ सरकवून ते जुळत नाही. का जुळत नाही, घरच्या घरी मोजून कसं ओळखायचं आणि नवीन गिअर विकत न घेता मार्ग कसा काढायचा, हे आज पाहू.

मी नांदेड जिल्ह्यातल्या नायगावचा. इथं गिअरचं दुकान नाही. गिअर हवा असेल तर नांदेड गाठा नाहीतर ऑनलाइन मागवा, आणि पार्सल येईपर्यंत विज्ञान प्रदर्शन होऊन गेलेलं असतं. त्यामुळं आमच्याकडची पोरं भंगारवाल्याकडून चाकं आणतात. मला ते आवडतं. किटमधले सुटे भाग सगळे एकाच मापाचे असतात, म्हणून त्यांच्यात हा प्रश्नच येत नाही आणि आला नाही की कळतही नाही. लेगोचंच बघा. त्याचे सगळे सरळ दात्यांचे गिअर एकाच मापाचे. ८ दात्यांचा आणि २४ दात्यांचा गिअर १६ मिलिमीटर अंतरावर बरोबर बसतो, आणि लेगोची भोकं ८ मिलिमीटरवर असतात, म्हणजे दोन भोकं मोजली की काम झालं. कंपनीनं आपल्यासाठी आधीच सगळं जुळवून ठेवलेलं असतं.

ज्यांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे त्यांनाही हे वाचायला हरकत नाही. नीती आयोगाची ही योजना २०१६ पासून आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. पण लॅबमध्येसुद्धा चार-पाच वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणाहून घेतलेले भाग एकाच डब्यात जमतात. त्या डब्यातले कुठलेही दोन गिअर जुळतीलच असं नाही.

गणित बरोबर, दाते चुकीचे

गेल्या वर्षी आठवी-नववीतल्या चार मुलांनी एक टोकण रोबो बनवायला घेतला होता. सोयाबीनचं बी ठरावीक अंतरावर टाकत जाणारी छोटी गाडी. नायगाव भागात सोयाबीन घरोघरी, म्हणून विषय त्यांना कुणी सुचवावा लागला नाही. सोयाबीनसाठी दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. तेच ५ सेंटिमीटर त्यांना गाठायचं होतं.

कल्पना साधी आणि चांगली होती. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रातही हेच असतं : जमिनीवर फिरणारं चाक बियांच्या पेटीतला दांडा फिरवतं, म्हणजे गाडी हळू चालो की जोरात, दोन दाण्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. यांच्या गाडीला ६५ मिलिमीटर व्यासाचं पिवळं चाक होतं, जे स्वस्तातल्या पिवळ्या बीओ मोटरबरोबर मिळतं. त्याचा घेर २०४ मिलिमीटर. चाकाच्या आसावर खेळण्यातला २० दात्यांचा गिअर बसवला. बियांच्या चकतीवर प्रिंटरमधला ३६ दात्यांचा. चकतीला ७ भोकं, प्रत्येक भोकातून एक दाणा.

हिशोब करू. चकतीचा एक फेरा व्हायला चाकाचे ३६ भागिले २०, म्हणजे १.८ फेरे. तेवढ्यात गाडी ३६७ मिलिमीटर पुढं जाते. ३६७ भागिले ७, म्हणजे साधारण ५२ मिलिमीटरला एक दाणा. झकास! वर्गाच्या फरशीवर दोन मीटरच्या पट्टीत ३८ दाणे पडायला हवे होते.

पडले २३. आणि तेही कुठं दोन दाणे शेजारी, कुठं वीतभर जागा मोकळी. शेतात असं झालं की त्याला नांग्या पडल्या म्हणतात, आणि नांग्या भरायला पुन्हा बी आणि पुन्हा मजुरी लागते. टीममधली एक मुलगी शेतकऱ्याच्या घरातली. ती चकतीकडं बघून म्हणाली, "दादा, चाक फिरूलालंय, पण चकती मधीच थांबूलाली. असल्या रोबोला माझे पप्पा शेतात पाय ठेवू देणार नाहीत."

पोरांनी आधी बॅटरी बदलली, मग मोटर बदलली, मग कोडमध्ये वेग कमी केला. यातलं काहीच आजारावरचं औषध नव्हतं. २० आणि ३६ हे आकडे घेऊन केलेलं गणित एका अटीवर खरं ठरतं : दोन्ही चाकांच्या दात्यांचं माप एकच असलं पाहिजे. ती अट इथं पाळली गेली नव्हती.

मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप

चपलेला नंबर असतो तसा दात्यालाही नंबर असतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. चाक मोठं की लहान याच्याशी त्याचा संबंध नाही. १२ दात्यांचं चिमुकलं चाक आणि १०० दात्यांचं ताटाएवढं चाक, दोघांचा मॉड्यूल एक असेल तर ते जुळतात. आणि दिसायला अगदी सारख्या आकाराची दोन चाकं मॉड्यूल वेगळा असेल तर जुळत नाहीत. बहुतेकांची गल्लत इथंच होते, कारण डोळा आधी चाक बघतो, दाता नंतर.

सूत्र एवढंच :

मॉड्यूल = बाहेरचा व्यास (मिलिमीटरमध्ये) ÷ (दात्यांची संख्या + २)

बाहेरचा व्यास म्हणजे एका दात्याच्या टोकापासून समोरच्या दात्याच्या टोकापर्यंत. प्रिंटरचं चाक : व्यास १९ मिलिमीटर, दाते ३६. म्हणजे १९ ÷ ३८ = ०.५. खेळण्यातलं चाक : व्यास १७.६, दाते २०. म्हणजे १७.६ ÷ २२ = ०.८. सापडला चोर.

०.५ आणि ०.८ मध्ये फरक तो किती, असं वाटेल. पण दोन शेजारच्या दात्यांमधलं अंतर काढायला मॉड्यूलला ३.१४ ने गुणायचं. एकाचं येतं १.५७ मिलिमीटर, दुसऱ्याचं २.५१. ०.८ चे ५ दाते जेवढ्या जागेत बसतात तेवढ्यात ०.५ चे ८ दाते बसतात. म्हणजे एक दाता खाचेत गेला की पुढचा दाता खाचेत न जाता समोरच्याच्या डोक्यावर चढतो. चढला की दोन्ही आस एकमेकांपासून ढकलले जातात, चाक सुटतं, उडी मारतं. "अजून जवळ सरकव" केलं की आस वाकतो, मोटर तापते आणि शेवटी कमजोर चाकाचे दाते झिजतात.

गॅरेजवाल्याला हे वेगळ्या नावानं पक्कं माहीत असतं. १००-१२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांना ४२८ नंबरची चेन लागते, मोठ्या गाड्यांना ५२०. ४२८ च्या दोन कड्यांत १२.७ मिलिमीटर अंतर, ५२० च्या १५.८७५. स्प्रॉकेटचे दाते कितीही असोत, चेनचा नंबर जुळला नाही तर कुणी ती गाडीला चढवत नाही.

मोबाईल वापरून माप कसं काढायचं?

डिजिटल व्हर्नियर असेल तर उत्तमच. साधा काही शंभर रुपयांत येतो आणि चार जणांत घेतला तर परवडतो. नसेल तरी अडत नाही.

दाते मोजायला डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, विशेषतः बारीक दाते असतील तेव्हा. चाकाचा वरून सरळ फोटो काढा, गॅलरीतल्या एडिटमध्ये जाऊन पेननं पहिल्या दात्यावर खूण करा आणि दर पाच दात्यांनंतर एक ठिपका देत जा. एक दाता इकडचा तिकडं झाला की सगळा हिशोब कोसळतो.

व्यासासाठी कॅमेऱ्यानं अंतर सांगणारी मेजरमेंट ॲप वापरू नका. खोलीची लांबी मोजायला ती ठीक आहेत. आपल्याला इथं मिलिमीटरचा दहावा भाग हवा आहे, ते त्यांचं काम नव्हे. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात जा. हो, झेरॉक्सच्या दुकानात! स्कॅनरच्या काचेवर चाक सपाट ठेवा, दाते काचेला टेकले पाहिजेत. दुकानदाराला ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा. आता प्रत्येक इंचात बरोबर ६०० पिक्सेल आहेत. चित्र फोनवर उघडून चाकाला घट्ट चिकटेल असं चौकोनी क्रॉप करा आणि डिटेल्समध्ये पिक्सेल बघा. पिक्सेल भागिले ६०० गुणिले २५.४, की मिलिमीटर आले. प्रिंटरच्या चाकाचे आम्हाला ४४८ पिक्सेल मिळाले, म्हणजे १८.९७ मिलिमीटर.

एक काळजी घ्या. दुकानदार ते चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवेल, आणि व्हॉट्सॲप फोटो लहान करून टाकतं. पिक्सेल बदलले की माप गेलं. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

सूत्रातून ०.४९९ किंवा ०.८०३ असं काही आलं तर घाबरू नका, जवळचा ठरलेला आकडा धरायचा : ०.३, ०.४, ०.५, ०.६, ०.८, १, १.२५, १.५. पण खूप छोट्या चाकावर, म्हणजे १७ पेक्षा कमी दात्यांच्या, हे सूत्र कधीकधी फसवतं. दाते बुडाशी पातळ होऊ नयेत म्हणून अशी चाकं मुद्दाम थोडी मोठी कापलेली असतात. म्हणून एकाच यंत्रातली चाकं असतील तर सगळ्यात मोठं चाक मोजा. आणि दाते विषम असतील तर एका दात्यासमोर खाच येते, तेव्हा व्हर्नियर कमी माप दाखवतो. स्कॅनमध्ये ही अडचण जवळजवळ राहत नाही.

कधी ०.७९ किंवा ०.५३ असा विचित्र आकडा वारंवार येतो. अशा वेळी ते चाक इंचाच्या मापाचं असण्याची शक्यता जास्त. अमेरिकेत दात्याचं माप उलटं सांगतात, एका इंच व्यासामागं किती दाते. त्याला पिच म्हणतात. २५.४ ला पिचनं भागलं की मॉड्यूल मिळतो. ३२ पिच म्हणजे ०.७९४, ४८ पिच म्हणजे ०.५२९. यातली पहिली जोडी मजेशीर आहे. ३२ पिच आणि ०.८ मॉड्यूल यांत एक टक्कासुद्धा फरक नाही, त्यामुळं हलक्या कामाला ही दोन चाकं एकमेकांबरोबर निमूट चालतात. ४८ पिच आणि ०.५ मध्ये मात्र जवळपास सहा टक्के फरक आहे. हातानं फिरवून बघितलं तर चालल्यासारखं वाटतं, वजन आलं की कुरकुर सुरू. माझ्या मते ही दुसरी जोडी जास्त वाईट, कारण ती उघडपणे नाही म्हणत नाही.

मधला दुभाषा

आता उपाय. ०.५ आणि ०.८ ला थेट भेटवायचंच नाही. मध्ये एक आस टाकायचा आणि त्या एकाच आसावर दोन चाकं घट्ट बसवायची, एक ०.८ चं, एक ०.५ चं. ०.८ वालं खेळण्याच्या चाकाशी बोलेल, ०.५ वालं प्रिंटरच्या चाकाशी. दोन्ही एकाच आसावर असल्यामुळं एकत्रच फिरतात. मराठी आणि तेलुगू दोन्ही येणारा माणूस देगलूरच्या बाजारात मध्ये उभा राहतो तसं.

याला लागणारी जास्तीची दोन चाकं कुठून आणायची? त्याच भंगारातून. प्रिंटरमध्ये एक चाक ०.५ चं निघालं तर त्याच्याशी जुळणारी आणखी दोन-तीन निघतातच, नाहीतर तो प्रिंटर चालला कसा असता? गाडीचंही तसंच. पोरांना प्रिंटरमध्ये १८ दात्यांचं आणि खेळण्यात २० दात्यांचं आणखी एक चाक मिळालं.

मांडणी अशी झाली : गाडीच्या आसावर २०, मधल्या आसावर २० आणि १८, चकतीवर ३६. पहिल्या जोडीत वेग तोच राहिला, दुसऱ्या जोडीत निम्मा झाला. म्हणजे चाकाच्या दोन फेऱ्यांत चकतीचा एक फेरा, ४०८ मिलिमीटरला. चकतीला ७ ऐवजी ८ भोकं पाडली : ५१ मिलिमीटरला एक दाणा. वर एक फायदा फुकट मिळाला. दोन चाकं थेट जुळली की ती उलट्या दिशेनं फिरतात, मध्ये हा आस आला की चकती परत गाडीच्या चाकाच्याच दिशेनं फिरते.

दोन चाकं आसावर घट्ट बसवताना गोंदावर विसंबू नका. प्रिंटरमधले पांढरे, गुळगुळीत, हाताला मेणासारखे लागणारे गिअर बहुधा ॲसिटल किंवा नायलॉनचे असतात, आणि झटकन चिकटणारा गोंद त्यांना धड धरत नाही. आज चिकटतो, प्रदर्शनाच्या दिवशी सुटतो. दोन्ही चाकं एकावर एक ठेवून आरपार दोन बारीक भोकं पाडा आणि २ मिलिमीटरचे स्क्रू-नट टाका.

निवड करताना प्रिंटरच्या चाकांकडं जरा निरखून बघा. काहींचे दाते तिरपे असतात. तिरपे दाते सरळ दात्यांशी जुळत नाहीत, मॉड्यूल एक असला तरी. आणि दोन तिरपी चाकं शेजारी लावायची तर एक डावीकडं झुकलेलं आणि दुसरं उजवीकडं झुकलेलं लागतं. सरळ दात्यांची चाकं मिळत असतील तर तिरप्यांच्या नादी न लागलेलं बरं. दात्याच्या बाजूचा उतार हीसुद्धा एक गोष्ट आहे. आजकाल बहुतेक ठिकाणी तो २० अंश असतो, काही जुन्या यंत्रांत १४.५. मॉड्यूल जुळूनही चाकं घासत राहिली तर संशय इथं घ्यायचा.

अंतर : इथं केसाएवढं चुकलं तरी कळतं

मॉड्यूल जुळला की मगच अंतराचा विषय. दोन आसांमधलं अंतर म्हणजे दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज, गुणिले मॉड्यूल, भागिले २. आमच्या रोबोत पहिल्या जोडीला (२० + २०) × ०.८ ÷ २ = १६ मिलिमीटर. दुसरीला (१८ + ३६) × ०.५ ÷ २ = १३.५ मिलिमीटर.

०.५ मॉड्यूलचे दाते एकमेकांत जेमतेम १ मिलिमीटर आत जातात. भोक अर्धा मिलिमीटर सरकलं तर निम्मी पकड गेली. हातातल्या ड्रिलनं प्लायवर इतकं अचूक भोक पाडणं मोठ्यांनाही जमत नाही, पोरांकडून कशाला अपेक्षा करायची? म्हणून एका आसाचं भोक गोल न ठेवता लांबट करा, कानशीनं घासून. आस त्यात मागं-पुढं सरकवता येतो, जागा सापडली की पक्का करायचा.

जागा सापडली हे कसं कळणार? वहीच्या कागदाची एक पट्टी दोन्ही चाकांच्या दात्यांमध्ये धरा. कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. कागदासकट चाकं एकमेकांना टेकतील एवढी जवळ आणा, आस आवळा, मग चाक फिरवून कागद काढून घ्या. राहिलेली फट हीच हवी असलेली मोकळीक. दाते एकदम घट्ट बसवले तर चाकात जिथं थोडासा वाकडेपणा असतो तिथं ती अडकतात.

मग फोनचा स्लो मोशन लावा. १२० फ्रेमवर, चाक सेकंदाला एक फेरा या वेगानं फिरत असेल तर २० दात्यांच्या गिअरचा प्रत्येक दाता ६ फ्रेममध्ये दिसतो. उडी कुठं पडते, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी पडते की कुठंही, सगळं कळतं. एकाच जागी पडत असेल तर तिथला दाता तुटलाय किंवा आस वाकलाय. कुठंही पडत असेल तर अंतर जास्त आहे. शूटिंग उन्हात करा, घरातल्या दिव्याखाली व्हिडिओ लुकलुकतो.

या सगळ्यानंतर फरशीवरच्या त्याच दोन मीटरमध्ये ३९ पैकी ३७ दाणे पडले. राहिलेले दोन गिअरमुळं नाही, दाणा मोठा असल्यानं भोकात अडकला होता. प्रदर्शनात त्यांना नंबर आला नाही, पण त्या मुलीच्या वडिलांनी स्टॉलसमोर उभं राहून चकती तीनदा हातानं फिरवून बघितली.

थ्रीडी प्रिंटर हाताशी असेल तर?

तर दोन्ही चाकं स्वतःच छापा, सगळ्यात सोपं. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मॉड्यूल आणि दात्यांची संख्या भरली की गिअर तयार मिळतो. फक्त भंगारातल्या ०.५ च्या चाकाला जोडीदार छापायच्या फंदात पडू नका. ०.५ मॉड्यूलच्या दात्याची जाडी मध्यावर ०.८ मिलिमीटरपेक्षाही कमी भरते आणि नेहमीच्या प्रिंटरचं नोझल असतं ०.४ चं. म्हणजे दाता दोन रेघांत उरकला. १ किंवा त्याहून मोठा मॉड्यूल घ्या.

राहिलं वंगण. फरशीवर चालणाऱ्या रोबोला प्लॅस्टिकच्या गिअरवर थोडं सिलिकॉन ग्रीस चालतं. शेतात जाणाऱ्या रोबोच्या उघड्या गिअरला ग्रीस अजिबात लावू नका. त्यावर काळ्या मातीची धूळ चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी दाते घासत बसते. कोरडेच ठेवा, आणि वरून पाण्याच्या बाटलीचा कापलेला तुकडा झाकण म्हणून बसवा.